पेट स्कॅनचं नंतर बघू, आधी गोळीचं बोलू

पत्र

ताई, नमस्कार. वय ४९, सहकारनगरला राहते, शाळेत शिकवते. २०२१ च्या दिवाळीनंतर डाव्या स्तनात गाठ लागली. १.८ सेंटिमीटरची निघाली, ग्रेड दोन, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हॉर्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह. काखेतल्या गाठी स्वच्छ होत्या, तिथे कॅन्सर पोचला नव्हता. फक्त गाठ काढली, स्तन ठेवला, मग रेडिएशन झालं. केमो लागली नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलं. मीही तेच धरून चालले होते.

आमच्या भजनी मंडळातल्या एक ताई आहेत. त्यांचाही कॅन्सर असाच ‘लवकर सापडलेला’ होता. सात वर्षांनी आता मणक्यात निघाला. ते कळल्यापासून माझी झोप उडाली आहे. त्यांना भेटायला जायचं धाडस होत नाही. त्यात महिनाभर माझी पाठ दुखते आहे. मुलीने मोबाईलवर पेट स्कॅनचं पॅकेज शोधलं, कॅन्सर कुठे पसरलाय का ते अख्ख्या अंगात बघतात ते, अठरा हजारांचं. करून टाकावं का? हे म्हणतात, ‘बरी झालीस ना, आता कशाला उकरून काढतेस?’ डॉक्टरांना विचारायची लाज वाटते, ते म्हणतील काही झालं नाही तरी स्कॅन मागते. मला दर वर्षी एक पेट करून घेता आलं तर मी निवांत होईन.

कॅन्सर परतू नये म्हणून दिलेली टॅमॉक्सिफेनची गोळी दसऱ्यापासून बंद केली आहे, अंगातून वाफा निघतात, वर्गात उभं राहवत नाही. मावसबहिणीने दिलेला गुळवेलीचा काढा घेते. स्ट्रिप फ्रीजवरच्या डब्यात तशीच आहे, ह्यांना वाटतं मी घेते. यंदाची मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) पुतणीच्या लग्नाच्या गडबडीत राहिली. बाकी ठीक.

— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर

ताई,

तुमचं अख्खं पत्र पेट स्कॅनचं आहे. शेवटच्या चार ओळींत मात्र, ‘बाकी ठीक’ म्हणता म्हणता, गोळी बंद केलीत, काढा सुरू केलात आणि मॅमोग्राफी राहिली हे सांगून टाकलंत. मी उत्तर त्या चार ओळींना देणार आहे. पण पाठदुखी तोवर थांबायला नको, म्हणून आधी ती.

मी डॉक्टर नाही. कॅन्सरच्या पेशंटशी आणि घरच्यांशी बोलण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. त्यामुळे तुमच्या पाठीत काय आहे हे मी सांगू शकत नाही, आणि पत्र वाचून जो कोणी सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. इतकं मात्र सांगते. दिवसभर फळ्यासमोर उभं राहणाऱ्या, वह्यांचे गठ्ठे उचलणाऱ्या ४९ वर्षांच्या बाईची पाठ दुखायला शंभर साधी कारणं असतात. हाडात आजार गेल्याचं दुखणं साधारण वेगळं वागतं. ते विश्रांतीने कमी होत नाही, रात्री झोपेतून उठवतं, एकाच जागी राहून आठवड्यागणिक वाढत जातं. तुमचं असं आहे का, हे तुम्हीच नीट बघा. तसं असो वा नसो, महिनाभर टिकलेलं नवं दुखणं तुमच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं, आणि याच आठवड्यात. पायांतली शक्ती गेल्यासारखं वाटलं, पाय बधिर झाले, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

आणि लाज कसली? दुखतंय म्हणून डॉक्टरांकडे जाणं म्हणजे स्कॅन मागणं नव्हे. ते पाठ तपासतील, मणक्यावर ठोकून बघतील, मग एक्स-रे की एमआरआय की हाडांचा स्कॅन की काहीच नाही, हे ठरवतील. कदाचित पेटसुद्धा सांगतील. तक्रार समोर ठेवून केलेल्या तपासाचा रिपोर्ट काय विचारायचं आहे ते ठाऊक असलेला माणूस वाचतो. मोबाईलवरच्या पॅकेजचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो आणि तुम्ही तो रात्री एकट्या वाचत बसता.

दर वर्षी पेट करून निवांत होईन, असं तुम्ही लिहिलंत. मला ते पटत नाही. इटलीत दोन मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तनाच्या कॅन्सरवर उपचार पूर्ण झालेल्या अडीच हजारांहून जास्त बायका होत्या. काही जणींची नेमाने तपासणी आणि मॅमोग्राफी होई, काही जणींना त्यावर हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रे असं ठरावीक काळाने जादा. त्यातल्या एका चाचणीत हाडांतला आणि फुप्फुसातला आजार जादा तपासवाल्यांमध्ये थोडा आधी सापडलाही. पण दोन्ही गटांतल्या बायकांचं आयुष्य सारखंच निघालं. त्या चाचण्यांत पेट नव्हतं हे खरं. तरी आजही जगातल्या मोठ्या कॅन्सर संघटनांच्या मार्गदर्शनात, काही त्रास नसलेल्या बाईचा पेट, सीटी, हाडांचा स्कॅन किंवा सीए १५-३ सारखी रक्ततपासणी नेमाने करू नये असंच सांगितलेलं आहे. कारण समजून घ्या. दूर पसरलेला आजार दोन-चार महिने आधी दिसला म्हणून तो मुळासकट काढता येईल असं होत नाही. औषध तेच असतं, धास्तीचे महिने तेवढे वाढतात.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. पेटमध्ये कॅन्सर चमकतो तशी जुनी टीबीची गाठही चमकते, साधी सूजही चमकते. छातीतल्या एखाद्या जुन्या लसिकाग्रंथीवर ठिपका दिसला की सीटी, मग सुई, मग बायोप्सी, आणि तीन आठवड्यांनी ‘काही नाही’. तोवर घरातल्या कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. अगदी बारीक आजार पेटला दिसतच नाही, ते वेगळंच.

मॅमोग्राफीचं तसं नाही. ज्या स्तनातली गाठ काढली त्यातच पुन्हा आजार उठला, किंवा उजव्या स्तनात नवाच निघाला, तर तो लवकर सापडल्यावर बरा करायच्या हेतूनेच उपचार होतात. इथे लवकर सापडण्याला खरी किंमत आहे. वर्षातून एकदा, दोन्ही बाजूंची. अठरा हजारांच्या स्कॅनची चिंता करता करता तुम्ही हीच तपासणी लग्नात विसरलात. (पुतणीचं लग्न नीट पार पडलं असेलच. पुण्यात लग्नाचा हॉल मिळवणं मॅमोग्राफीच्या तारखेपेक्षा अवघड, हे मी जाणून आहे.) सोमवारी फोन करून तारीख घ्या.

डॉक्टरांच्या तपासणीचं वेळापत्रकही सांगते, कारण चार वर्षं झाली की बायका ‘आता काय दाखवायचं’ म्हणून ढिल्या पडतात. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, चौथ्या-पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. घरी स्वतः हात लावून बघायचं ते महिन्यातून एकदा. ओपीडीत बाकावर बसलेल्या बायका मी बघितल्यात. पदराआड हात काखेत जातो, बोटं एकाच जागी दाबत राहतात, दाबून दाबून ती जागा हुळहुळी होते आणि मग तीच ‘दुखरी गाठ’ ठरते. कितीदा ती बरगडीची कड असते. रेडिएशननंतर चरबी घट्ट होऊनही गाठीसारखं लागतं. नवं काही लागलं, टाक्यांच्या रेषेवर पुरळ किंवा लालसर कडक ठिपका दिसला, गळ्याच्या हाडाच्या वर गाठ आली, खोकला किंवा दम दोन आठवड्यांच्या वर राहिला, वजन उगीच उतरू लागलं, तर दाखवायचं. रोज दाबून बघायचं नाही.

आता गोळी.

तुमचा कॅन्सर ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन या हॉर्मोनवर पोसणारा. ऑपरेशनने गाठ गेली, रेडिएशनने त्या स्तनातलं उरलंसुरलं मारलं. पण चार पेशी त्याआधीच रक्तातून कुठे निघून गेल्या असतील, तर त्या कोणत्याच स्कॅनमध्ये दिसणार नाहीत. टॅमॉक्सिफेन त्यांच्यासाठी आहे. कुलपात दुसरीच किल्ली घालून ठेवली की खरी किल्ली जात नाही, तसं ते पेशीवरची इस्ट्रोजेनची जागा अडवून बसतं. जगभरच्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन दिलेल्या ईआर पॉझिटिव्ह बायकांत पहिल्या पाच वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पुढच्या पाच वर्षांत, गोळी थांबल्यावरही, ते सुमारे एक तृतीयांशाने कमी राहिलं. पंधरा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यूही सुमारे एक तृतीयांशाने घटले. तुमच्यासारखीला एवढा फायदा देणारं दुसरं काही माझ्या माहितीत नाही. तेच फ्रीजवर आहे.

भजनी मंडळातल्या ताईंना सात वर्षांनी कसा झाला, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण झोप त्यानेच उडाली आहे. हॉर्मोनवाला कॅन्सर उशिरा परतू शकतो. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह असलेला) बहुधा पहिल्या चार-पाच वर्षांतच काय ते दाखवतो. हा मात्र वीस वर्षांपर्यंत थोडा थोडा धोका ठेवतो. ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ हे वाक्य हॉस्पिटलच्या कॅंटीनमध्ये फार ऐकू येतं, ते या प्रकाराला तंतोतंत लागू नाही. २०१७ मध्ये साठ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास आला. पाच वर्षं हॉर्मोनचे उपचार झालेल्या आणि तोवर आजार न परतलेल्या या बायका. ज्यांची गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत होती आणि काख स्वच्छ होती, त्यांच्यात पुढच्या पंधरा वर्षांत शंभरातल्या सुमारे १३ जणींना आजार दूर पसरून परतला. काखेतल्या चार ते नऊ गाठींत कॅन्सर पोचलेल्यांत, मूळ गाठ एवढीच असूनही, हाच आकडा ३४ होता. त्या ताईंच्या काखेत काय होतं, ग्रेड काय होती, तुम्हाला ठाऊक नाही. दोघींच्या फायलीवर ‘लवकर’ लिहिलं म्हणून आजार एक होत नाही. शिवाय त्या अभ्यासातल्या बायकांचे उपचार जुन्या काळातले, आज त्याहून चांगले आहेत. पण एक गोष्ट नजरेतून सोडू नका. १३ हा आकडा पाच वर्षांच्या उपचारानंतरचा आहे. तुमची पाच वर्षं अजून व्हायची आहेत.

वाफांचा त्रास मी हसण्यावारी नेत नाही. चाळीस पोरांसमोर अचानक मानेपासून कपाळापर्यंत आग होणं, ब्लाउज भिजणं, पुढच्या बाकावरची पोरगी ‘बाई, बरं वाटत नाही का’ विचारते ते, हे रोज सोसणं अवघडच. पण ‘सोसवत नाही’ आणि ‘बंद’ यांच्या मधे पुष्कळ जागा असते आणि ती डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सापडत नाही. काही जणींना गोळी रात्री घेतल्याने दिवस सुसह्य होतो. वाफांसाठी व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी औषधं कमी डोसमध्ये देतात. फक्त ती आपल्या आपण किंवा ओळखीच्या केमिस्टकडून घेऊ नका. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही मनाच्या आजारावरची औषधं टॅमॉक्सिफेनचं शरीरात जे कामाचं रूप तयार होतं त्यालाच अडवतात, म्हणून ती टाळतात. दुसरा डॉक्टर काही लिहून देत असेल तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं आधी सांगायचं. तुमची पाळी खरोखर कायमची गेली असेल तर गोळी बदलून लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल देता येतं. त्याने सांधे धरतात, हाडं विरळ होतात, म्हणजे तिथेही सगळं गोड नाही. आणि टॅमॉक्सिफेनवर पाळी थांबली म्हणजे रजोनिवृत्ती झालीच असं नसतं, ते रक्ततपासणीने ठरवावं लागतं.

डॉक्टर रागावतील याची भीती असेल. रागावले तर रागावले. पण त्यांना खरं सांगा की दसऱ्यापासून घेतलेली नाही. नाहीतर ते पाठीच्या दुखण्याचा विचार, पेशंट गोळीवर आहे असं धरून करतील. पुन्हा कधी आणि कशी सुरू करायची ते त्यांना विचारा. बुडालेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत. सुरू झाल्यावर पाळी गेलेली असताना रक्त दिसलं, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर लगेच कळवायचं. गर्भाशयाच्या अस्तराचा त्रास आणि रक्ताची गुठळी हे या औषधाचे क्वचित होणारे पण अंगावर काढू नयेत असे दोष.

काढा बंद करा. मावसबहिणीचं मन मोडायचं नसेल तर तिला माझं नाव सांगा. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. टॅमॉक्सिफेनचं कामाचं रूप यकृतातच बनतं. नैसर्गिक म्हणून निर्धोक, हा हिशेब मला कधी कळलेला नाही; कण्हेरही नैसर्गिकच आहे.

‘पॉझिटिव्ह राहा, टेन्शन घेतलंस तर परत येईल’ असं तुम्हाला कोणी ना कोणी सुनावलं असेलच. दुर्लक्ष करा. काळजी केल्याने हा आजार परत येतो याला भक्कम पुरावा नाही. झोप यावी म्हणून काळजी कमी करायची, कॅन्सर अडवण्याची हमाली मनावर टाकायची नाही. अंगमेहनतीचं मात्र करा. आठवड्याला दीडशे मिनिटं जरा दम लागेल असं चालायचं आणि वजन आटोक्यात ठेवायचं, असं डॉक्टर सांगतात. तळजाई तुमच्या दारात आहे, पाठ दाखवून झाली की सुरू करा.

आता यजमानांबद्दल. ‘उकरून काढतेस’ म्हणणारा नवरा बहुधा स्वतःच घाबरलेला असतो. २०२१ मध्ये ऑपरेशन थिएटरबाहेर ते बसले होते, ते त्यांनी कुणाला सांगितलंय? गोळी बंद असल्याचं त्यांना तुमच्याकडूनच आणि डॉक्टरांकडे जायच्या आधी कळू दे. मग त्यांना सोबत न्या आणि आत जाऊन तेच विचारू देत: माझ्या बायकोचा धोका किती, कमी करायला काय, फोन कधी करायचा. पुरुषांना काम दिलं की ते बरे वागतात, असा माझा अनुभव आहे. डॉक्टरांचं उत्तर पटलं नाही तर दुसरं मत घ्या. परळला टाटा मेमोरियल आहे, पुण्यातच स्तनाच्या कॅन्सरसाठी प्रशांती कॅन्सर केअर मिशन आहे. पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट बरोबर ठेवायचा, नुसता डिस्चार्ज कार्डाचा फोटो चालत नाही.

त्या ताईंना भेटायला जा. मणक्यात गेलेला कॅन्सर आज बहुधा मुळासकट बरा होत नाही, पण हॉर्मोनवाल्या प्रकारात गोळ्यांनी तो कित्येकींमध्ये वर्षानुवर्षं आवरून धरता येतो. पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब अशा औषधांनी गेल्या दशकात पुष्कळ फरक पडला. त्या घरी असतील, कदाचित पेटीही वाजवत असतील. काय बोलू याची चिंता नको. मंडळात कोण बेसूर गातं हा विषय पुरतो. तुम्ही आला नाहीत याचं कारण त्यांना कळलेलं असणार.

मुलीचं. तुम्हाला पन्नाशीच्या आत कॅन्सर झाला, त्यामुळे बीआरसीए जनुकाची (त्यातला दोष घराण्यातून आला तर स्तनाच्या, अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) तपासणी करावी का हे डॉक्टरांना विचारा. ती आधी तुमची होते, मुलीची नाही. जाण्यापूर्वी आई आणि वडील दोघांच्याही घराण्यात स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर कोणाला, कोणत्या वयात झाला ते एका कागदावर लिहून न्या. वडिलांकडचं सांगायला लोक विसरतात, आणि ते तेवढंच महत्त्वाचं असतं. तुमच्यात दोष निघाला नाही, तरी मुलीची तपासणी कधी सुरू करायची ते त्याच भेटीत विचारून घ्या. आईच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, म्हणजे तिच्या पस्तिशीच्या आसपास, असं पुष्कळ डॉक्टर सांगतात. पॅकेज शोधण्याची हौस तिला आहेच, तेव्हा तुमच्या मॅमोग्राफीची तारीख घ्यायचं काम तिलाच द्या.